सर म्हणतात अंतिम सत्य नसतंच, मग कंट्रोल कशाला लावू?

पत्र (थोडं कापून देतेय):

ताई, मी २७ वर्षांची आहे, डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) झालंय, तालुक्याच्या गावातल्या एका लॅबमध्ये चार वर्षं काम करते. गेल्या महिन्यात क्रिएटिनिनचा (किडनीची टेस्ट) लेव्हल टू कंट्रोल, म्हणजे मशीन तपासायचं आकडा आधीच माहीत असलेलं सॅम्पल, सलग तीन दिवस थ्री एसडीच्या, म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या, बाहेर गेला. सर (सिनियर टेक्निशियन, पंधरा वर्षांचा अनुभव) म्हणाले, साठ सॅम्पल पडलेत, मागच्या महिन्याचा चार्ट बघ आणि तसेच आकडे भर. मी भरले. रिपोर्ट गेले. त्याआधी दोनदा रिएजंट (टेस्टचं केमिकल) संपला म्हणून काही सॅम्पल सरळ सिंकमध्ये गेले आणि रिपोर्ट मात्र 'नॉर्मल' गेले. मी बोलले तर सर चिडले नाहीत, उलट शांतपणे समजावत बसले. त्यांना तत्त्वज्ञानाचे व्हिडिओ बघायचा नाद आहे. म्हणाले, सायन्स सारखं बदलतं, विज्ञानाचा इतिहास लिहिणारा कून वाच, तत्त्वज्ञ नीत्शे म्हणतो फॅक्ट असं काही नसतंच, शुगरची लिमिटसुद्धा माणसांनीच ठरवली आणि माणसांनीच बदलली, मग तुझा एक कंट्रोल काय एवढा देव लागून गेला? आणि बहुतेक पेशंट नॉर्मलच असतात, मी चेहरा बघून सांगतो. शेवटी हसून म्हणाले, नरो वा कुंजरो वा. मला उत्तर देता आलं नाही. सर वाईट नाहीत हो, व्हेन शोधायला त्यांनीच शिकवलं मला. स्कूटीचा हप्ता आहे, भावाची फी आहे. सर बरोबर आहेत का? नसतील तर मी काय करू? आणि जे रिपोर्ट गेले ते गेलेच का?
– क्यूसीवाली

उत्तर:

क्यूसीवाली, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना मला तुझ्या सरांचा राग यायच्या ऐवजी हसूच आलं, कारण मी ज्युनियर कॉलेजात आर्ट्सच्या पोरांना वर्षानुवर्षं तर्कशास्त्र शिकवलंय (पोरं तो विषय मार्क पडतात म्हणून घ्यायची, ते सोड) आणि असा एक तरी विद्यार्थी दर बॅचला असायचाच, जो पहिल्या टर्ममध्ये शंका घ्यायला शिकायचा आणि दुसऱ्या टर्ममध्ये त्याच शंकेच्या जोरावर जर्नल पूर्ण करायचं टाळायचा. तुझ्या सरांचं तेच झालंय. ते जे बोलतात त्यातलं निम्मं खरं आहे, आणि म्हणूनच तुला उत्तर सुचलं नाही.

खरं कुठलं ते आधी मान्य करू. शुगरची लिमिट माणसांनीच ठरवली, अगदी बरोबर. उपाशीपोटी १४० च्या पुढे डायबेटिस अशी रेघ होती, ती अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने १९९७ साली १२६ वर आणली, म्हणजे १३० वाला माणूस रात्री निरोगी झोपला आणि सकाळी डायबेटिक उठला असं म्हणायला हरकत नाही. तुमच्या रिपोर्टवर उजवीकडे जी नॉर्मल रेंज छापलेली असते ती तर तुला माझ्यापेक्षा चांगली माहितीय, बऱ्याच टेस्टना निरोगी माणसांतले मधले ९५ टक्के घेऊन ती ठरवतात, म्हणजे वीसातला एक ठणठणीत माणूस आपला उगाचच रेंजच्या बाहेर. रेघ कुठे मारायची हे रक्त सांगत नाही. किती लोकांना उगाच घाबरवलेलं चालेल आणि किती आजारी निसटलेले चालतील हे माणसं बसून ठरवतात, त्यात मूल्यं येतात, पैसा येतो, भांडणं होतात. इथपर्यंत सर पास.

पण बाई, रेघ १४० वरून १२६ वर सरकली तेव्हा त्या माणसाच्या रक्तातली साखर काय हलली का? ती १३० ची १३० च. रेघ ठरवणं हे एक काम आणि त्या माणसाच्या ट्यूबमध्ये काय आहे ते बघणं हे दुसरं काम, आणि तुझी नोकरी दुसऱ्या कामाची आहे. सर पहिल्या कामातली अनिश्चितता उचलून गुपचूप दुसऱ्यात टाकतायत. शिवाय गंमत बघ, ती रेघ बदलायची का नाही हे ठरवायला सुद्धा कुणीतरी हजारो लोकांची साखर खरोखर मोजून ठेवलेली लागते, ती सिंकमध्ये ओतून चालत नाही.

आता कार्ल पॉपर या विज्ञानाच्या तत्त्वज्ञाची एक गोष्ट सांगते, तुझ्या सरांनी त्याचा व्हिडिओ बहुतेक स्किप केला असणार. १९१९ साल, व्हिएन्ना, पोरगा सोळा-सतरा वर्षांचा. त्याच वर्षी २९ मे ला खग्रास ग्रहण झालं आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर आणि ब्राझीलमधल्या सोब्रालला जाऊन फोटो काढून आले. आइनस्टाइनने आकडा आधीच सांगून ठेवला होता, सूर्याच्या कडेने येणारा ताऱ्याचा प्रकाश १.७५ सेकंदांनी वाकेल (कोनाचे सेकंद हं, घड्याळाचे नाही), आणि न्यूटनच्या जुन्या हिशोबाने साधारण त्याच्या निम्मा यायला हवा होता. प्लेटा मोजल्यावर आकडा आइनस्टाइनच्या बाजूचा निघाला. पॉपरला भारी वाटलं ते आइनस्टाइन जिंकला म्हणून नव्हे, तर तो हरू शकत होता म्हणून. आकडा चुकला असता तर सिद्धांत गेला असता, आणि हे त्याने आधीच मान्य केलं होतं. त्याच सुमाराला पॉपर मानसोपचारवाल्या अॅडलरकडे कामाला जायचा. पॉपरने एका मुलाची केस सांगितली, अॅडलरने त्या मुलाला न बघताच आपल्या न्यूनगंडाच्या थिअरीत ती फटकन बसवून दाखवली. पॉपरने विचारलं, एवढी खात्री कशी? तर म्हणे हजार केसेसचा अनुभव. पॉपर म्हणाला, म्हणजे आता तुमचा अनुभव एक हजार एक केसेसचा झाला म्हणायचा.

चेहरा बघून सांगतो म्हणणारे तुझे सर आठवले का? पंधरा वर्षं चेहरे बघितले आणि कधी पडताळलं नाही, तर तो अनुभव पंधरा वर्षांचा धरायचा का एकाच दिवसाचा, हे मी त्यांच्यावर सोडते.

आणि आता तुझी ती लेव्हल टू ची बाटली घे हातात. तू पावडरमध्ये मोजून डिस्टिल्ड वॉटर घालतेस, हलवत नाहीस जोरात, फेस येऊ नये म्हणून नुसती फिरवतेस, थांबतेस, मग लावतेस. त्यात किती क्रिएटिनिन आहे हे कंपनीने छापून दिलंय, तुला माहितीय, फक्त मशीनला माहिती नाही. म्हणजे तू रोज सकाळी आठ वाजता मशीनला चुकायची संधी देतेस. आइनस्टाइनला जे ग्रहणाने केलं ते तू तुझ्या अॅनालायझरला करतेस, आणि हे सांगताना मी तुला खूश करायला बोलत नाहीये, ती कल्पना अगदी तीच आहे. मग मागच्या महिन्याचे आकडे भरले की काय होतं? मशीन चुकूच शकत नाही. सिद्धांत अॅडलरचा झाला.

यावर सर म्हणतील, ताईंना म्हणावं पॉपर जुना झाला, एक आकडा चुकला म्हणून कोणी सिद्धांत फेकत नाही, कूनने दाखवलंय. खरंय! आणि हा भाग मला फार आवडतो म्हणून जरा लांबण लावते. युरेनस ग्रह हिशोबाप्रमाणे चालत नव्हता, सारखा थोडा इकडेतिकडे. आता पॉपरचं अक्षरशः ऐकायचं तर न्यूटनला केराची टोपली. पण पॅरिसच्या ल व्हेरिये या खगोलशास्त्रज्ञाने काय केलं, न्यूटनला हात न लावता म्हणाला की पलीकडे अजून एक ग्रह असणार जो याला ओढतोय, कागदावर जागा काढली, बर्लिनला पत्र पाठवलं, आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री तिथल्या गाल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने दुर्बीण लावली तर सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून बसलेला. वा! मग बुध नीट चालत नव्हता, शंभर वर्षांत ४३ सेकंदांचा फरक, म्हणजे अगदीच किरकोळ. ल व्हेरियेने तोच डाव टाकला, १८५९ मध्ये म्हणाला सूर्याजवळ अजून एक ग्रह असणार, त्याला व्हल्कन नाव पडलं, एका गावच्या डॉक्टरने तर मी पाहिला म्हणूनही सांगितलं. व्हल्कन नव्हताच. ल व्हेरिये १८७७ ला गेला तोपर्यंत सापडला नाही आणि पुढेही नाही, आणि १९१५ च्या नोव्हेंबरात आइनस्टाइनने दाखवलं की यावेळी ग्रह हुडकायचा नव्हता, न्यूटनमध्येच दुरुस्ती होती.

हे तुला परकं वाटायला नको, कारण कंट्रोल बाहेर गेला की तू हेच करतेस. मशीन लगेच भंगारात नाही काढत. बाटली जुनी झाली का, पाणी कमी पडलं का, रिएजंटचा लॉट बदलला का, कॅलिब्रेशन कधी केलं होतं, लॅम्प म्हातारा झाला का. एलजे चार्टवर (रोजच्या कंट्रोलचा आलेख) ठिपके हळूहळू एका बाजूला सरकत गेले तर एक संशय आणि एका दिवसात धाडकन उडी मारली तर दुसरा. चूक दिसली की ती नक्की कोणाच्या माथी मारायची हे आकडा सांगत नाही, एकेक गोष्ट बदलून परत रन करावं लागतं, ही विज्ञानाच्या तत्त्वज्ञानातली खूप गाजलेली अडचण आहे आणि तुम्ही लोक ती रोज चहाच्या आधी सोडवता. आता सांग, ल व्हेरियेने बुधाचे आकडे खोडून मागच्या शतकाचे भरले असते तर? ते ४३ सेकंद गेले असते. पुढचं सगळंच गेलं असतं.

कूनचं १९६२ चं पुस्तक लोक असं वापरतात की जणू तो म्हणाला, काहीही चालतं. त्यानेच १९६९ मध्ये पुस्तकाला पुरवणी जोडली, सापेक्षतावादाच्या आरोपाला उत्तर दिलं आणि विज्ञान पुढे जातं यावर माझा पक्का विश्वास आहे असं लिहिलं. आणि नीत्शेचं ते फॅक्ट नसतात, अर्थच असतात वालं वाक्य त्याच्या १८८६-८७ च्या वह्यांमधलं आहे, त्याने स्वतः छापलेलं नाही, आणि ते नुसतं फॅक्ट फॅक्ट म्हणून थांबणाऱ्यांना उद्देशून आहे. त्यावरून क्रिएटिनिन ठरवायचं म्हणजे कमालच.

बहुतेक नॉर्मलच असतात याला बर्ट्रांड रसेल या तत्त्वज्ञाचं घड्याळ पुरे. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय, तुला माहीत नाही, तू बघितलंस आणि योगायोगाने तीच वेळ होती. तू बरोबर वेळ सांगितलीस, पण तुला वेळ माहीत होती का? नव्हती. पुढे १९६३ ला गेटियर नावाच्या माणसाने याच धाटणीच्या उदाहरणांवर तीन पानांचा लेख लिहिला आणि ज्ञान म्हणजे काय यावर प्रोफेसर लोक अजून भांडतायत. सिंकमध्ये ओतून नॉर्मल लिहिलेला रिपोर्ट दहात आठ वेळा खरा ठरेलही, पण ते बंद घड्याळच, आणि पेशंटने चालू घड्याळाचे पैसे दिलेत.

इथे मध्येच माझं एक सांगते. आईचं पोटॅशियम एकदा भयंकर वाढलेलं आलं असतं. 'असतं' म्हणतेय कारण तो रिपोर्ट आलाच नाही, रात्री आठला लॅबमधल्या मुलीचा फोन आला, काकू सॅम्पल हिमोलाइज झालंय, परत घ्यावं लागेल. लाल पेशी फुटल्या की आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटा वाढतो हे मला तेव्हा कुठे माहीत. मी तिच्यावर खेकसले, की म्हातारीला परत सुई टोचायची, तुम्हाला नीट घेता येत नाही का वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि सकाळी साडेसहाला स्वतः आली. दुसरं पोटॅशियम एकदम व्यवस्थित. त्या मुलीला सॉरी म्हणायचं राहिलं, तेव्हा तुझ्या कानावर घालते.

आता नरो वा कुंजरो वा. हे सरांचं सगळ्यात हुशार वाक्य आहे, कारण खोटं कधीच बोलू नये असं मी म्हटलं तर मीच अडकते. तत्त्वज्ञ कांट अडकलाच. खुनी दारात येऊन विचारतोय तुझा मित्र कुठे लपलाय, तरी खोटं बोलू नये असं त्याने १७९७ मध्ये लिहून ठेवलंय. आपल्याकडे याचं उत्तर आधीच होतं, महाभारताच्या कर्णपर्वातल्या कौशिकाच्या गोष्टीत. सत्य बोलायचं व्रत घेतलेला ब्राह्मण, दरोडेखोरांना घाबरून माणसं जंगलात लपली, दरोडेखोरांनी याला विचारलं, याने खरं सांगितलं, माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात. टिळकांनीही गीतारहस्यात कर्मजिज्ञासेच्या प्रकरणात सत्याला अपवाद कुठे आणि का याचा खल केलाय, पाश्चात्त्यांना शेजारी बसवून. म्हणजे अपवाद आहेत, मान्य. पण कौशिकाच्या गोष्टीत खोटं बोलायला हवं होतं ते जंगलात लपलेल्यांना वाचवायला. तुमच्या लॅबमध्ये जंगलात कोण लपलंय? पेशंट. आणि खोट्याने वाचतंय कोण? साठ सॅम्पलची दुपार.

कांटचा दुसरा मुद्दा मात्र मला इथे चपखल वाटतो. तू जे करतेयस तो सगळ्यांचा नियम झाला तर? गर्दी असली की प्रत्येक लॅब चार्ट भरून टाकते, हे सगळ्यांना कळलं तर रिपोर्ट या कागदाला कोण विचारेल, डॉक्टर तो उघडणार पण नाही. खोटा रिपोर्ट चालतो तो बाकीच्या मुली खरं रन करतात म्हणून, त्यांच्या जिवावर. हे मला खोटेपणापेक्षा जास्त लागतं.

ह्यूम या तत्त्वज्ञाने १७३९-४० मध्ये दाखवून दिलंय की नुसत्या 'आहे' मधून 'पाहिजे' काढता येत नाही, म्हणजे कंट्रोल बाहेर आहे एवढ्यावरून तू अमुक करायला पाहिजेस हे तर्काने निघत नाही, मध्ये काहीतरी घालावं लागतं. तुझ्या बाबतीत ते मध्ये काय घालायचं? मी म्हणेन एक माणूस घाल. क्रिएटिनिन १.९ असताना १.१ गेलं, पेशंट बाई डायबेटिक, डॉक्टरांनी त्या आकड्यावर मेटफॉर्मिनचा (डायबेटिसची गोळी) डोस ठेवला किंवा कॉन्ट्रास्टचा (औषध टोचून करायचा) सीटी लिहिला, दोन्ही किडनी बघून द्यायच्या गोष्टी. तुला ती दिसत नाही, बारकोड दिसतो. म्हणून सरांना ते सोपं जातं आणि तुलाही तीन दिवस सोपं गेलं, रागावू नकोस.

बरं, आता काय करायचं.

सरांशी वाद घालू नकोस, निदान फिलॉसॉफीवर तर नकोच, ते जिंकतील आणि आकडे तसेच राहतील. चहाला एकटे असताना, रक्त घेणारा फ्लेबोचा पोरगा नसताना, एवढंच सांग की सर, मशीनने न दिलेला आकडा यापुढे मी माझ्या हाताने लिहिणार नाही. तुम्ही लिहिणार असाल तर मी भांडणार नाही, पण माझ्या सहीच्या रकान्यात नको. आणि सोबत त्यांची अडचण सोडवणारं काहीतरी घेऊन जा. कंट्रोल फक्त क्रिएटिनिनचा गेलाय तर फक्त क्रिएटिनिन रोखा, बाकी रिपोर्ट जाऊ देत, पेशंटला फोन करून उद्या देतो म्हणा किंवा तेवढे सॅम्पल दुसऱ्या लॅबला पाठवा. रिएजंट संपायच्या आठवडाभर आधी ऑर्डर द्यायचं काम तू अंगावर घे. निम्मा खोटेपणा स्टॉक रजिस्टर नीट नसल्यामुळे होतो असा माझा अंदाज आहे.

रजिस्टरमध्ये खरं लिही, एका ओळीत: लेव्हल टू बाहेर, नवीन बाटली, परत बाहेर, कॅलिब्रेशन केलं, आत आला. तारीख, वेळ, सही.

सर ऐकले नाहीत तर ज्या पॅथॉलॉजिस्टच्या नावाने रिपोर्ट जातात त्यांच्याकडे जा. २०१७ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पीजी केलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी, म्हणजे उद्या काही झालं तर मान त्यांची आहे आणि त्यांना हे कळायचा हक्क आहे. कॉलवर नको, मेसेज किंवा मेल कर, सभ्य भाषेत, कोणाला चोर न म्हणता, कोणत्या तारखेला काय झालं एवढंच. ते पण हो हो करून विसरले तर दुसरी नोकरी शोधायला लाग, पण रागात राजीनामा देऊ नकोस, हप्ता राग बघत नाही. आधी एक्स्पिरियन्स लेटर हातात घे. मोठ्या लॅबच्या मुलाखतीत कंट्रोल बाहेर गेला तर काय कराल असं विचारतील आणि तुझ्याकडे या जिल्ह्यातल्या कोणापेक्षाही चांगलं उत्तर असेल.

आणि जे गेले ते गेले का, हा तुझा शेवटचा प्रश्न, ज्याच्यावर तू सगळ्यात कमी शब्द खर्च केलेत आणि मला वाटतं तोच तुला झोपू देत नाहीये. सॅम्पल आता नसतील. पण त्या तीन दिवसांची यादी कॉम्प्युटरमध्ये आहे, आणि सिंकमध्ये गेलेल्यांचीही. ती काढ. डायबेटिसवाले, बीपीवाले, साठीच्या पुढचे वेगळे कर, आणि ती यादी पॅथॉलॉजिस्टना दे. मशीनमध्ये गडबड होती, परत फुकट करून देतो, असे फोन जायला हवेत. फोन करायचे का ते डॉक्टरांनी ठरवायचं, पण यादी त्यांच्या टेबलावर जायलाच हवी आणि ती तूच नेऊ शकतेस, कारण आकडे तू भरलेस. अवघड आहे, माहितीय. दोन-तीन जण तुझ्यावर खेकसतील, माझ्यासारखेच.

तो लेव्हल टू का बाहेर जात होता ते मला नक्की कळव. माझा संशय रिएजंटच्या नव्या लॉटवर आहे, पण मी तर्कशास्त्राची बाई, तू रन करून सांग.